पिळल्यावर किती पाणी उरते? तंबू आणि कॅम्पर व्हॅनसाठी टॉवेल निवडताना

टॉवेल किती लवकर वाळेल हे दोन गोष्टींवर ठरते. पिळून झाल्यावर त्यात किती पाणी उरले ही पहिली, आणि भोवतालची हवा त्यातले किती पाणी उचलू शकते ही दुसरी. हवा आपल्या हातात नसते. जुलैत भंडारदऱ्याला तंबू लावला की हवा आधीच पाण्याने भरलेली असते. तिथे कितीही महागाचा टॉवेल रात्रभर दोरीवर टांगला तरी सकाळी ओलाच हाताला लागतो. म्हणून निवड करायची ती पहिल्या गोष्टीकडे बघून. पाकिटावर ‘क्विक ड्राय’ छापले आहे की नाही, यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा जास्त खरे सांगतो.

कोरड्या टॉवेलचे वजन करा. मग तो बादलीत पाच मिनिटे पूर्ण बुडवून ठेवा. बाहेर काढून लांबीत चौपदरी करा आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत पीळ घाला. एकदा झटकून पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे हवेला उचलून न्यावे लागणारे पाणी. दोन-तीन टॉवेलांची तुलना करायची असेल तर सगळे एकाच माणसाने पिळायचे, नाहीतर तुलना टॉवेलांची न होता मनगटांची होते.

हाताने घट्ट पिळलेल्या सुती कापडात ढोबळमानाने त्याच्या स्वतःच्या वजनाइतके पाणी राहते. आता हिशोब बघा. घरी वापरतो तो ७५ × १५० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा टर्किश टॉवेल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. या टॉवेलचे क्षेत्रफळ साधारण १.१ चौरस मीटर, म्हणजे वजन अर्धा किलो. पिळल्यानंतर त्यात अर्धा लिटरच्या आसपास पाणी राहते, आणि तो जाड असल्यामुळे पीळही नीट बसत नाही. त्याच मापाचा १२० जीएसएमचा साधा सुती पंचा १३५ ग्रॅम भरतो आणि पाणीही तेवढेच धरतो. सपाट विणीचा २०० जीएसएमचा मायक्रोफायबर सव्वादोनशे ग्रॅमचा होतो, पण त्यातले बरेचसे पाणी पिळताना निघून जाते, त्यामुळे तो पंचाच्या जवळपास येऊन थांबतो.

आमचे मत इथेच सांगून टाकतो: सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या भटकंतीसाठी पहिली पसंती पंचाला, दुसरी सपाट मायक्रोफायबरला. टर्किश टॉवेल घरीच बरा.

मायक्रोफायबर पिळल्यावर इतका हलका का होतो, याचे कारण धाग्यात आहे. हे टॉवेल बहुतेक वेळा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉन अशा मिश्रणाचे असतात. लेबलवर नायलॉनच्या जागी पॉलिअमाइड लिहिलेले सापडते. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत सुती तंतू आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग टॉवेल पाणी टिपतो कसा? कारखान्यात प्रत्येक तंतू चिरून त्याचे अनेक बारीक तंतू केलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत केशाकर्षणाने पाणी चढते. फटींतले पाणी पिळले की बाहेर येते. सुतामध्ये मात्र काही पाणी तंतूच्या आत शिरून त्याला फुगवते, आणि ते पीळ देऊन निघत नाही.

यातूनच खरेदीची पहिली सूचना निघते. लेबलवर ‘१०० टक्के पॉलिएस्टर’ असेल तर तंतू चिरलेले नसण्याची शक्यता जास्त. असा टॉवेल मऊ आणि चकचकीत लागतो, पण अंगावरचे पाणी टिपण्याऐवजी इकडून तिकडे सारतो. चिरलेल्या तंतूंचा टॉवेल कोरड्या तळहातावरून फिरवला की किंचित अडकतो, खरखरीत कातडीला धरतो. हा स्पर्श काहींना अजिबात आवडत नाही. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी मायक्रोफायबरच्या नादी न लागता पंचाच घ्यावा, कारण अंगाला न आवडणारा टॉवेल प्रवासात शेवटी पिशवीतच राहतो.

विणीतही फरक आहे. सपाट, सुएडसारखी वीण सर्वांत पातळ, लवकर वाळणारी आणि वाळू न धरणारी. फंदे असलेली मायक्रोफायबर वीण अंगाला टर्किशसारखी लागते, पण ३०० ते ४०० जीएसएमपर्यंत जाते आणि फंद्यांत वाळू, गवताची कुसळे, कुत्र्याचे केस सगळे अडकते. चौकटीचौकटीची वॅफल वीण या दोन्हींच्या मधली. बांबूचा म्हणून विकला जाणारा टॉवेल बहुतेक वेळा व्हिस्कोसचा, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेल्या धाग्याचा असतो. व्हिस्कोस सुतापेक्षाही जास्त पाणी पितो, त्यामुळे तो घरात छान आणि तंबूत त्रासदायक. जलतरणपटू वापरतात तो स्पंजसारखा पीव्हीए टॉवेल डबीत ओला ठेवण्यासाठीच बनवलेला असतो, वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक होतो. अंग पुसायला तो नकोच, पण गाडीच्या काचांवर आतून जमलेले पाणी टिपायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. एक जरूर ठेवावा.

ऑनलाइन मागवताना मिश्रण, माप आणि वजन या तीन गोष्टी बघा. जीएसएम दिला नसेल तर वजनाला क्षेत्रफळाने भागून काढता येतो. मग कडा बघा. टॉवेल कुठेही लवकर वाळो, शेवटपर्यंत ओली राहते ती जाड दुमडलेली शिवण, कोपऱ्यातली लेबलची पट्टी आणि टांगण्याचा बंद. कुबट वास इथूनच सुरू होतो. ओव्हरलॉक केलेली पातळ कड चांगली. दोन बोटे रुंद दुमडलेली कड टाळावी. टांगायला टिचबटणाचा बंद असेल तर उत्तम, कारण वाऱ्यात चिमटे सुटतात आणि टॉवेल चिखलात पडतो. सोबत मिळणारी पिशवी जाळीची असावी. झिपची प्लास्टिक पिशवी दुकानात दिसायला नीटनेटकी, पण ओला टॉवेल त्यात घातला की वाळणे तिथेच थांबते.

माप ठरवताना मोह आवरावा लागतो. अंग पुसायला ६० × १२० पुरतो. नदीवर किंवा किनाऱ्यावर गुंडाळून कपडे बदलायचे असतील तर ७५ × १५० घ्या. त्याहून मोठा टॉवेल म्हणजे जास्त पाणी आणि जास्त दोरी.

पंचाबद्दल थोडे अधिक, कारण सोबत न्यायच्या यादीत तो हल्ली दिसतच नाही. साध्या विणीचा, फंदे नसलेला, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा पातळ कपडा ही त्याची ताकद. पण नवा पंचा थेट सहलीला नेऊ नये. त्यात खळ असते आणि खळ असलेले कापड पाणी टिपत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी कपडे धुण्याच्या पावडरीने गरम पाण्यात धुवा, आणि हे दोन-तीनदा करा. खळ गेली का हे बघायला कोरड्या पंचावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच पसरून नाहीसा झाला तर पंचा तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर आणखी एकदा धुवा. हीच परीक्षा नव्या मायक्रोफायबरलाही लागू आहे, फक्त तिथे खळीच्या जागी कारखान्यातला मऊपणाचा लेप असतो.

पंचाची मर्यादाही आहे. लांब केस असतील तर एक पंचा पुरत नाही, मध्येच पिळून पुन्हा वापरावा लागतो. केसांसाठी वेगळा छोटा कपडा ठेवणे सर्वांत बरे, आणि त्याला दुसरेही कारण आहे: खोबरेल तेल. पॉलिएस्टरला तेलाची ओढ असते. डोक्याचे तेल आणि सनस्क्रीन एकदा मायक्रोफायबरमध्ये शिरले की साध्या धुण्याने निघत नाही, टॉवेल पाणी कमी टिपू लागतो आणि वास धरतो. केसांना सुती पंचा, अंगाला हवा तो टॉवेल, ही वाटणी पाळली तर दोन्ही टिकतात.

आणखी एक ठिकाणी सूत वरचढ ठरते, ते म्हणजे चूल. शेकोटीतून उडालेल्या ठिणगीने मायक्रोफायबरला लगेच भोक पडते, कारण तो जळण्याआधी वितळतो. गरम पातेले उतरवायला मायक्रोफायबर कधीही वापरू नका. वितळलेले प्लास्टिक कातडीला चिकटते आणि भाजणे खोलवर जाते. पातेल्याला कोरडा सुती कपडा जाडसर घडी घालून वापरावा. ओला नको, ओल्या कापडातून उष्णता चटकन हाताला पोचते.

वापरताना आणि वाळवताना

आंघोळीनंतर टॉवेल हातात घेण्याआधी अंगावरचे आणि हातापायांवरचे पाणी तळहातांनी निपटून काढा. केस असतील तर तेही पिळून घ्या. एवढ्याने टॉवेलमध्ये जाणारे पाणी बरेच कमी होते आणि वाळण्याचा वेळही त्याच प्रमाणात. सपाट मायक्रोफायबरने घासायचे नसते, तो अंगाला अडकतो. दाबून टिपायचे.

मग पिळणे. एकट्याने पिळताना टॉवेल गाडीच्या छताच्या कॅरिअरच्या दांडीभोवती घालून दोन्ही टोके एकत्र धरावीत आणि पीळ द्यावा, हातांना टेकू मिळतो आणि शेवटचा घोटभर पाणी निघतो. झाडाची फांदी यासाठी वापरू नका, साल सुटून टॉवेलला डिंक आणि बुळबुळीत शेवाळ लागते.

टांगताना टॉवेल दोरीवर मधोमध दुमडून टाकला की आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि तिथे हवा जात नाही. एकतर एका काठाने चिमट्यांवर पूर्ण उघडा सोडा, किंवा वीतभर अंतराने दोन दोऱ्या समांतर बांधून त्यांवर पसरा, म्हणजे मधून वारा जातो. ऊन आणि वारा यांतून एकच मिळणार असेल तर वारा निवडा. ओल्या कापडाला लागून ओलाव्याने भरलेल्या हवेचा थर बसतो आणि वारा तो थर सतत हटवत राहतो.

पावसाळ्यात तंबूच्या आत टॉवेल टांगू नका. त्यातले पाणी हवेत जाते आणि रात्री कापडाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन स्लीपिंग बॅगवर पडते. बाहेरच्या कव्हराखाली, दोन्ही बाजू उघड्या ठेवून टांगला तर निदान तो अधिक ओला होत नाही. पावसाळी ट्रेकला पातळ पंचा पिळून खांद्यावर टाकून चालले तर अंगाच्या उबेने तो बराच सुकतो. जाड टॉवेलला हा उपाय चालत नाही, तो फक्त अंग गार करतो.

गाडी सोबत असेल तर पावसाळ्यातले सर्वांत चांगले वाळवण्याचे यंत्र तिच्यातच आहे. एसीच्या थंड कॉइलवर हवेतला ओलावा पाणी होऊन गाडीखाली गळतो, म्हणजे एसी हवा कोरडी करतो. प्रवासात टॉवेल मागच्या सीटवरच्या हँडलला उघडा टांगा आणि एसी आतल्या हवेच्या फेरीवर ठेवा. काचांवर बाष्प येऊ लागले तर थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. चालकाला मागची काच आणि आरसे दिसले पाहिजेत, हे आधी बघा.

व्हॅनच्या आत नेमके काय घडते

कॅम्पर व्हॅनमध्ये टॉवेलचा प्रश्न तंबूपेक्षा अवघड होतो, कारण व्हॅन बंद असते. चार मीटर लांब, एक मीटर ऐंशी रुंद, एक मीटर सत्तर उंच अशा जागेत साधारण १२ घनमीटर हवा असते. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते, म्हणजे सगळी व्हॅन मिळून पावणेतीनशे ग्रॅम. आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातले १६५ ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरते ११० ग्रॅमची जागा. एकट्या पिळलेल्या टर्किश टॉवेलमध्ये याच्या चौपटीहून जास्त पाणी आहे! त्यातच रात्री पारा १५ अंशांवर उतरला तर हवेची क्षमता घनमीटरला १३ ग्रॅमच्या खाली येते, म्हणजे टॉवेल नसतानाही काचा घामेजणार. चार माणसांचा श्वास वेगळाच.

म्हणून बंद व्हॅनमध्ये टॉवेल ‘वाळत’ घालण्याला अर्थ नाही. पाणी टॉवेलमधून निघून काचा, पत्रा, गाद्यांची खालची बाजू आणि प्लायवूडच्या सांध्यांत जाते. तिथेच बुरशी येते. छतावरचा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा आणि समोरच्या टोकाची एक खिडकी दोन बोटे उघडा, म्हणजे हवा व्हॅनभर फिरून बाहेर पडते. टॉवेल त्या हवेच्या वाटेत टांगा. बाथरूमच्या बंद दारामागे टांगलेला टॉवेल दोन दिवसांतही सुकत नाही. मागचे दार उघडून दोन बिजागरांच्या मध्ये दोरी बांधता येते, दाराचा आडोसाही मिळतो. मुक्कामाला पोचल्यावर पहिले काम हेच करावे, चहा त्यानंतर.

बॅटरीवर हीटर लावून वाळवण्याचा विचार मनात येतो, त्याचाही हिशोब मांडून ठेवा. ३०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सव्वासातशे किलोज्यूल, म्हणजे ०.२ युनिट वीज कमीत कमी लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निर्धास्त वापरता येतात ते ०.६ युनिट. एका टॉवेलला तिचा एक तृतीयांश भाग गेला, आणि प्रत्यक्षात वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त. गॅसच्या शेगडीवर टॉवेल टांगणे तर आगीला आमंत्रण आहे. गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे हवा आणखी दमट होते.

अमेरिकेत आठवडाभराची आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी गणित जरा वेगळे. ॲरिझोना, युटाकडच्या कोरड्या हवेत टर्किश टॉवेलही भराभर सुकतो, तिथे खरी अडचण कपाटातल्या जागेची असते. वॉशिंग्टन, ओरेगॉनच्या किनाऱ्याकडे गेलात तर वर लिहिलेले सगळे लागू. कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीत मायक्रोफायबर ड्रायरमध्ये टाकायचा तर सर्वांत कमी उष्णतेवर, आणि सुती कपड्यांसोबत नाही, कारण सुताचे तंतू त्यात अडकून बसतात.

समुद्र, वास आणि धुणे

तारकर्ली-दिवेआगरला लोकांची एक तक्रार ठरलेली असते: टॉवेल दुपारी सुकला होता, संध्याकाळी पुन्हा ओलसर लागतो. कारण मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळू लागते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर संध्याकाळनंतर आर्द्रता बहुधा त्याच्या वरच असते. खाऱ्या पाण्यात भिजलेला टॉवेल गोड्या पाण्यात खळबळून पिळल्याशिवाय पूर्ण सुकणार नाही. अर्धी बादली पाणी पुरते. त्याहून सोपे म्हणजे आधी गोड्या पाण्याने अंग धुवायचे आणि मग टॉवेल घ्यायचा.

कुबट वास जिवाणूंचा असतो. ओल्या कपड्यांच्या या वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. त्याला ओल, ऊब आणि कातडीचा मळ एवढेच लागते, आणि बंद पिशवीत तिन्ही मिळतात. चांदीचा लेप दिलेला टॉवेल वास उशिरा धरतो, पण वाळण्याशी त्या लेपाचा संबंध नाही, त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नयेत. वास आलाच तर नुसते ऊन दाखवून भागत नाही. पंचा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे टाकता येतो. मायक्रोफायबर ६० अंशांच्या पाण्यात पावडरीसह अर्धा तास भिजवून चोळा, शेवटच्या खळबळण्यात पाव कप पांढरे व्हिनेगर घाला. ब्लीच नको, क्लोरीनने नायलॉन खराब होते. फॅब्रिक सॉफ्टनर तर मुळीच नको. तो तंतूंवर मेणचट थर चढवतो, फटी बुजवतो आणि चांगला टॉवेल पाणी टिपेनासा करतो. ‘मायक्रोफायबर जुना झाला, आता पाणी ओढत नाही’ असे वाटले तर आधी सॉफ्टनर थांबवून दोन-तीन धुण्या गरम पाण्यात करून बघा.

धुणे तलावाच्या काठावर नको. साबण पाण्यापासून किमान ६० मीटर लांब वापरावा, पाणी मातीत मुरू द्यावे. मायक्रोफायबर धुताना प्लास्टिकचे बारीक तंतूही सुटतात, त्यामुळे पवना काय किंवा भंडारदरा काय, तो घरी आणूनच धुवावा.

चार माणसांच्या आठवड्याच्या सहलीला प्रत्येकी एक मोठा पंचा किंवा ७५ × १५० चा सपाट मायक्रोफायबर, लांब केसांसाठी एकेक छोटा पंचा, हात पुसायला दोन नॅपकिन, काचांसाठी पीव्हीएचा एक, आणि दारात पाय पुसायला एक जुना पंचा इतके पुरते. प्रत्येकाचा रंग वेगळा घ्या, ओल्या टॉवेलांची अदलाबदल झाली की नायटा-गजकर्ण घरभर पसरायला वेळ लागत नाही. परत आल्यावर सगळे धुऊन, शिवणी आणि बंद हाताने चाचपून पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करून मगच कपाटात ठेवा. कड ओली असेल तर आणखी एक दिवस पंख्याखाली.